गाडीच्या पोटाखालचा गंज

घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक टपोरा थेंब ठेवा आणि काही तासांनी बघा. पत्रा कुठे झिजला असेल? हवा थेंबाच्या कडेला जास्त पोचते, म्हणजे कडच आधी खाल्ली जाणार, असं बहुतेकांना वाटतं. होतं नेमकं उलटं. कडेचं लोखंड शाबूत राहतं आणि झिजतं ते मधलं, जिथे प्राणवायू सगळ्यात कमी पोचतो. केंब्रिजचे गंज-संशोधक युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात हे थेंबाच्या प्रयोगातून दाखवलं. पाण्यात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन ही रंगानं खूण दाखवणारी द्रव्यं मिसळली असतील तर मध्यभागी निळा डाग पडतो आणि कडेनं गुलाबी वळं उमटतं. निळ्या जागी लोखंड विरघळत असतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातून कडेला जातात आणि तिथे पाणी व प्राणवायू त्यांना उचलतात. तपकिरी गंज साचतो तो या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात. म्हणजे तो थेंब ही एक छोटी बॅटरीच असते, आणि तिच्यात खर्ची पडतो तो आपला पत्रा.

जुन्या गाडीखाली असे थेंब जागोजागी दबा धरून बसलेले असतात. चाकाच्या कमानीत थापलेला चिखल, दोन पत्रे एकमेकांवर दुमडून जोडलेली शिवण, दारांखालचे पोकळ सिल. यातला प्रत्येक कोपरा ओला असतो, आणि त्याच्या आत हवा कमी, तोंडाशी जास्त. गंज उघड्यावर दिसतो खरा, पण पत्रा आडोशालाच खाल्ला जातो.

हे माहीत नव्हतं तेव्हा मी माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीला खालून डांबरी अंडरकोटिंग मारून घेतलं होतं. काम झाल्यावर गाडीचं पोट नव्या तव्यासारखं काळंभोर दिसत होतं. तीन वर्षांनी मागच्या चाकाजवळ सहज स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर तळहाताएवढा पोपडाच हातात आला. बाहेरून कुळकुळीत, आतून ओला, आणि आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे चिकटलेले, पुठ्ठा भिजून सुटावा तसे. घाईत गंजाच्या भुकटीवरच थर मारला गेला होता. थर धरून होता तो भुकटीला, पत्र्याला नव्हेच. पुढे उन्हाथंडीनं तो कडक झाला आणि खड्यांच्या माऱ्यानं त्याला बारीक चिरा गेल्या. अशा चिरेतून पाणी आत ओढलं जातं, पण वाळून बाहेर पडायला त्याला वाव नसतो. त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतूनच थर उचलत जातो आणि पाण्याला आणखी जागा करून देतो.

मिठानं हे सगळं झपाट्यानं होतं, कारण खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं आणि क्लोराइड पत्र्यावरचा संरक्षक पापुद्रा फोडतं. समुद्राकाठी ते हवेतून येतं, बर्फाळ प्रदेशात रस्त्यावर टाकलेल्या मिठातून. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला पाझरू लागतं, तर रस्त्यांवर वापरलं जाणारं कॅल्शियम क्लोराइड त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेलाही ओलंच राहतं. हाताला कोरडा लागणारा पत्रा म्हणूनच खरोखर कोरडा असेलच असं नाही. आणि खारट चिखलानं माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये लावणं हे तिचे लाड वाटले तरी गंजाच्याच पथ्यावर पडतं. बाहेरच्या कडक गारठ्यात ही रसायनक्रिया मंद असते, उबेत वेग घेते.

कारखान्यातून निघताना बहुतेक आधुनिक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. पोर्शनं १९७०च्या दशकाच्या मध्यात आणि ऑडीनं १९८०च्या दशकात अख्ख्या सांगाड्याला जस्त वापरायला सुरुवात केली. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन सहज सोडतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि शेजारचं लोखंड वाचतं. पण ही ठेव आहे, ती संपते. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त-लोखंडाचे तुकडे जोडून हीच युक्ती केली होती. तांब्याची झीज तिथे थांबली, कारण जहाजाचा तळ सतत समुद्रात बुडालेला असतो आणि पाण्यामुळे विजेचं मंडल पूर्ण होतं. गाडीच्या बॅटरीला जोडून पत्रा असाच विजेनं वाचवायचा दावा करणारी ‘गंजरोधक’ उपकरणं विकणारे हे सांगत नाहीत. रस्त्यावरच्या गाडीखाली असं सलग पाणी असतंच कुठे?

तेव्हा जुन्या गाडीचं पोट धुणं आणि नीट वाळवणं हे निम्मं काम. फवाऱ्याचा जोर जास्त हवा असं नाही, वेळ जास्त द्यावा, कमानींच्या आतल्या ओठापर्यंत हात घालावा. सिलच्या तळाला पाणी निथळायची छोटी छिद्रं असतात, ती तारेनं मोकळी करावी. नुसती तुंबलेली छिद्रं सिल आतून पोखरून टाकतात. मग ठोकून बघायचं: चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. टोक आरपार गेलं तर कुठलाही लेप उपयोगाचा नाही, तिथे वेल्डिंगच. ब्रेकच्या नळ्या खवले धरून असतील तर रंगवत बसू नका, बदला. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, भक्कम स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही.

सुटा गंज वायर ब्रशनं काढला की उरलेल्या पातळ थरावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज-रूपांतरक लावता येतं. टॅनिक आम्लानं तपकिरी डाग डोळ्यांदेखत निळसर काळा होत जातो. ते लोखंडाचं टॅनेट, आणि त्यावर प्रायमर बसतो. जाड पापुद्र्यावर मात्र हे द्रव्य वरवरच काम करतं.

शेवटच्या लेपासाठी मी आता मेणासारख्या किंवा लोकरीतल्या लॅनोलिनच्या मऊ थराच्या बाजूचा आहे. दिसायला तो ओंगळ, हाताकपड्यांना लागतो, चाकांजवळ धुपून जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. पण तो तडकत नाही, खडा लागला तर हळूहळू पसरून जखम झाकतो आणि खाली काय चाललंय ते लपवत नाही. सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्कवर तो जाऊ द्यायचा नाही, आणि खनिज तेलाचा असेल तर सांध्यांत बसवलेल्या नैसर्गिक रबराच्या बुशांवरही नाही, ते फुगतात.

पोकळ सिलमध्ये मात्र ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीनं पातळ मेण फवारतात आणि नळी फिरवत मागे ओढत आणतात. ते सगळीकडे पोचलं की नाही हे आत डोकावून कळत नाही. खाली कागद अंथरायचा आणि वाट बघायची, त्या निथळायच्या छिद्रांतून मेण ठिबकेपर्यंत.