“मले दिसलीच नाही तू, बेटा”

लेकीचं मोटारसायकलचं लर्निंग लायसन्स निघून तीन आठवडे झाले होते. मैदानावरचे क्लच-गिअरचे दिवस संपवून आम्ही रस्त्यावर आलो होतो. ती पुढे, मी मागच्या सीटवर आणि नंबरप्लेटजवळ पांढऱ्या पट्टीवर लाल ‘एल’. रविवारी सकाळी नागपुरात लक्ष्मीनगरकडून बजाजनगरकडे येताना डावीकडच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी कार थांबलेली होती. चालवणाऱ्या गृहस्थांनी मान वळवली, आमच्याकडे पाहिलं आणि कार सरळ रस्त्यात घातली. लेकीने ब्रेक दाबले, गाडी डगमगली, मी दोन्ही पाय टेकवले आणि कारच्या दारापासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. गृहस्थ घाईने उतरले. त्यांचे हात थरथरत होते. “मले दिसलीच नाही तू, बेटा,” एवढंच ते दोनदा म्हणाले.

घरी पोहोचेस्तोवर ती गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. खोटं बोलले ते.”

मला वाटतं, ते खरं बोलले. गाडी शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळायला हवी. आपण गिअर शिकवतो, आठचा आकडा काढायला लावतो, पण समोरच्याचा डोळा कसा चालतो हे सांगतच नाही.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. डोळ्याला एका वेळी बारीक तपशिलासकट दिसतं ते जवळपास तेवढंच, साधारण दोन अंशांचं वर्तुळ. बाकी सगळं अंधुक असतं. तरी आपल्याला अख्खा चौक लख्ख दिसल्यासारखा वाटतो, कारण डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत जागोजागी टेकतो आणि मेंदू ते तुकडे जोडून चित्र तयार करतो. गंमत उड्यांमध्ये आहे. डोळा उडी घेतो तेवढ्या क्षणापुरतं मेंदू दिसणं जवळपास बंद ठेवतो. आरशासमोर उभं राहून आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहा. आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसत नाहीत, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतात.

गल्लीच्या तोंडाशी घाईत मान फिरवणाऱ्याचा डोळा रस्त्यावर दोन किंवा तीनच ठिकाणी टेकतो. मधली जागा मेंदू रिकामा रस्ता समजून भरून टाकतो. शहराची ‘आपली बस’ त्या जागेत मावत नाही, तिचा कुठला तरी भाग नजरेत येतोच. मोटारसायकल मात्र त्यात पूर्ण मावते.

आणि दिसली तरी प्रश्न सुटत नाही. समोरून येणारी दुचाकी ६० मीटरवर डोळ्यात पाऊण अंशाएवढी असते, ३० मीटरवर दीड अंश, १५ मीटरवर तीन. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट. म्हणजे बराच वेळ ती ठिपक्यासारखी तेवढीच राहते आणि शेवटच्या क्षणी एकदम अंगावर येते. मोठं वाहन लवकर पोहोचेल आणि लहान उशिरा, असाही मेंदूचा कल असतो. म्हणून “अजून लांब आहे” असं समजून लोक आपल्यासमोर वळतात.

याहून वाईट गोष्ट भूमितीत दडली आहे. दोन वाहनं आपापल्या ठराविक वेगाने एकाच बिंदूकडे येत असतील, तर एकाला दुसरं कायम त्याच दिशेला दिसतं. ते काचेत सरकतच नाही. डोळ्याच्या कडेला फक्त हालचाल चटकन टिपता येते, आणि इथे हालचालच नाही. त्यात समोरच्या काचेच्या बाजूला असलेल्या खांबाआड दुचाकी आली, तर ती शेवटपर्यंत खांबाआडच राहू शकते.

म्हणून चौक आला की लेकीला मी सांगतो, थोडी सरक. आपल्याच लेनमध्ये अर्धा मीटर डावी-उजवीकडे हो, वेग जरा कमी कर. तेवढ्याने कोन मोडतो आणि आपण त्या काचेत हलायला लागतो. दिवसा जळणारा हेडलाइटही याच कामाचा आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाक्यांना तो बंदच करता येत नाही. अजूनही समोरचा भला माणूस बोटांची उघडझाप करून “लाइट चालू आहे” म्हणून सांगतो. लेक हसून मान डोलावते. त्याला ती दिसली, एवढं तर त्यातून कळलं.

समोरच्याने पाहिलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं नाही. त्याच्या पुढच्या चाकाकडे बघायचं. माणूस आपल्याकडे बघत असला तरी चाक फिरायला लागलं, तर तो निघाला. ऑटोच्या बाबतीत तर ऑटोकडेही बघायचं नाही, फुटपाथवर बघायचं. तिथे कुणी हात वर केला की पुढचा ऑटो इंडिकेटर न देता डावीकडे येणार. उभ्या कारमध्ये सीटवर डोकं दिसलं तर दाराएवढी जागा सोडायची. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं तर दुसरं मागे आहे असं धरायचं. वर्धा रोडवर अजनीच्या पुढे वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि खाली आपण. त्या जाड खांबांआडून वळणाऱ्या गाडीचं आधी फक्त नाक दिसतं. तिथे ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटं आधीच ठेवायची.

त्या दोन बोटांचा हिशोब मी तिला वहीत मांडून दिला. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तर ११ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर नवशिक्याने बऱ्यापैकी ब्रेक लावला तर पुढे आणखी १२. एकूण २३. ताशी ६० ला हेच १७ अधिक २८, म्हणजे ४५ मीटर. वेग दीडपट, पण ब्रेकचं अंतर सव्वादोन पट, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. तिला हादरवलं ते पुढच्या आकड्याने: ४० वाली गाडी जिथे उभी राहते, तिथे ६० वाली अजून ताशी ५० च्या वर असते. बोटं आधीच लिव्हरवर असल्याने पाव सेकंद वाचला, तरी ४० ला जवळपास तीन मीटर वाचतात. त्या रविवारी आमच्याकडे हातभर उरलं होतं.

नवशिक्याचा स्वतःचा डोळाही वेगळा चालतो. १९७२ मध्ये अमेरिकेत माउरंट आणि रॉकवेल यांनी कारचालकांच्या नजरा मोजल्या, तेव्हा शिकाऊ चालक गाडीच्या अगदी पुढ्यातला रस्ता बघत होते आणि मुरलेले दूरवर. लेकही सुरुवातीला पुढच्या चाकासमोरचा खड्डाच बघायची आणि बरोबर त्यातच जायची. गाडी नजरेच्या मागे जाते. आता ती चार-पाच सेकंद पुढचा रस्ता बघते, ४० च्या वेगात साधारण ५० मीटर. आपल्या सिमेंट रोडच्या कडेला गट्टूंपर्यंत, म्हणजे पेव्हर ब्लॉकपर्यंत, जी पायरी असते, ती तिला आता वेळेवर दिसते, आणि ती तिरपी चढायची नसते हे तिला ठाऊक आहे.

एक धोका मात्र कितीही दूर पाहिलं तरी दिसत नाही. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात तो गळे कापतोच. आडवा ताणलेला तो धागा रस्त्याकडे लागलेल्या नजरेच्या वर, गळ्याच्या उंचीवर असतो. जानेवारी लागला की आमच्या घरी हेल्मेटशेजारी जाड सुती मफलर टांगलेला असतो. परवा लेकीने तो गळ्याभोवती दोन वेढे देऊन टोकं जॅकेटात खोचली, हेल्मेटची काच खाली ओढली आणि उड्डाणपूल सोडून खालच्या रस्त्याने, ३० च्या वेगात निघाली.