डायनॅमिक डीएनएस क्लायंट (घरगुती नेटवर्क)

घरच्या इंटरनेट जोडणीचा सार्वजनिक आयपी पत्ता बदलला की तो एका ठरलेल्या नावापुढे नव्याने नोंदवणारा छोटा प्रोग्राम. तो राउटरमध्ये, कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये, घरगुती फाइल सर्व्हरमध्ये किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासारख्या कायम चालू राहणाऱ्या यंत्रावर बसवतात. सध्याचा पत्ता पाहायचा, मागच्या नोंदीशी ताडायचा आणि फरक असेल तरच डीएनएस सेवेला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला) कळवायचे, इतकेच त्याचे काम. बाहेरून घरात यायची वाट मोकळी करणे त्याच्या अखत्यारीत येत नाही. ‘डीडीएनएस (डायनॅमिक डीएनएस) चालत नाही’ या नावाखाली ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच वेळा क्लायंटने आपले काम चोख केलेले असते आणि घोडे राउटरपाशी किंवा त्याच्याही पलीकडे अडलेले असते.

पत्ता का बदलतो

नावावरून पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्या काळी नावामागची यंत्रे एका जागी ठाण मांडून असत. पत्ता बदलायचा तर कुणीतरी फाइल उघडून हाताने बदलत असे. घरगुती जोडणीत हे जमत नाही. राउटर जोडला गेला की सेवादाता आपल्या साठ्यातला मोकळा असेल तो पत्ता देतो आणि जोडणी तुटली की परत घेतो. पीपीपीओई, म्हणजे राउटरने नाव-पासवर्ड देऊन जोडणी घ्यायच्या, पद्धतीत राउटर नुसता बंद करून चालू केला तरी नवा पत्ता पडू शकतो. जिथे दिवसातून दोनदा लाइट जाते तिथे पत्ताही दोनदा बदलू शकतो. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर तोच पत्ता महिनोन् महिने टिकू शकतो. म्हणूनच काहीही न बसवता दोन महिने सगळे सुरळीत चालते आणि एका पावसाळी संध्याकाळी अचानक बंद पडते.

पत्त्यांची टंचाई हेही कारण आहे. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. मध्यवर्ती साठ्यातले अखेरचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि भारत ज्या विभागात येतो त्या आशिया-पॅसिफिकच्या एपनिक या संस्थेने १५ एप्रिल २०११ पासून उरलेल्या पत्त्यांचे रेशनिंग सुरू केले. कायमचा पत्ता, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘स्टॅटिक आयपी’, त्यामुळे बहुधा वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो.

पद्धत कशी रुळली

डीएनएसमधली नोंद संदेश पाठवून बदलण्याचा अधिकृत नियम एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) आला आणि तो संदेश गुप्त किल्लीने सही करून पाठवायची टीएसआयजी पद्धत २००० मध्ये. मोठ्या कार्यालयांच्या अंतर्गत नेटवर्कांत ही जोडी आजही वापरात आहे. घरगुती वापरकर्त्यांनी मात्र साधी वाट धरली: वेबपान मागावे तशी एक विनंती पाठवायची, सोबत नाव, पासवर्ड आणि पत्ता. अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या डिनडीएनएस या सेवेने ही पद्धत इतकी रुळवली, की बहुतेक क्लायंटांच्या यादीत आजही ‘डिनडीएनएस-२’ हा प्रोटोकॉल असतो आणि कितीतरी दुसऱ्या सेवा तोच बोलतात. त्या सेवेची फुकट नावे ७ मे २०१४ रोजी बंद झाली. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने न्यायालयाचा आदेश मिळवून नो-आयपी या सेवेची वीसहून अधिक डोमेन ताब्यात घेतली. रोख व्हायरस पसरवणाऱ्यांवर होता, पण काही दिवस सरळमार्गी लोकांची नावेही बंद पडली. उसन्या नावाखाली राहण्यातला धोका त्या आठवड्यात अनेकांच्या लक्षात आला.

क्लायंट आणि सेवा यांच्यातला संवाद दोन शब्दांत आटोपतो. पत्ता बदलून झाला तर उत्तर येते ‘गुड’. तोच पत्ता पुन्हा पाठवला तर ‘नोचग’, म्हणजे बदल नाही. ‘बॅडऑथ’ आले तर पासवर्ड चुकला, ‘नोहोस्ट’ आले तर ते नाव त्या खात्यात नाही, आणि ‘९११’ म्हणजे सेवेच्याच बाजूला बिघाड आहे, थोडे थांबा. ‘अब्यूज’ आले की नाव रोखले गेले असे समजावे. ही वेळ बहुतेकदा हौशी स्क्रिप्टांमुळे येते: दर मिनिटाला तोच पत्ता पाठवत राहणारी चार ओळींची स्क्रिप्ट सेवेच्या दृष्टीने उपद्रवच असतो. म्हणून चांगला क्लायंट शेवटचा पत्ता स्वतःच्या फाइलीत लिहून ठेवतो आणि बदल नसेल तर गप्प बसतो. ‘बॅडऑथ’नंतरही त्याने तोच पासवर्ड पुन:पुन्हा आपटत राहू नये अशी अपेक्षा असते.

आधी पत्ता तपासणे

क्लायंट बसवण्यापूर्वी पाच मिनिटे काढून एक गोष्ट पाहिली तर पुढचा अख्खा रविवार वाचतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन किंवा इंटरनेट या मथळ्याखाली दिसणारा पत्ता कागदावर लिहून घ्यावा. मग त्याच वायफायवरून ‘माझा आयपी काय’ सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. दोन्ही आकडे एकच निघाले तर पुढे जायला हरकत नाही.

वेगळे निघाले तर तिथेच घोडे पेंड खाते. राउटरवरचा पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा सेवादात्याची फायबरची पेटी स्वतःच राउटरचे काम करत असते आणि आपला राउटर तिच्या पोटात दुसरा राउटर बनून बसलेला असतो. ती पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचे काम सोडून नुसती जोडणी पुढे देणाऱ्या अवस्थेत, टाकून घेतली की प्रश्न सुटतो; नेटवाल्याला फोन करून नेमके हेच शब्द वापरावेत. पण पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर प्रकरण निराळे. हा पट्टा एप्रिल २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने सेवादात्यांच्या सामाईक वापरासाठी राखून ठेवला आहे. अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवायच्या या पद्धतीला सीजीनॅट म्हणतात. काही सेवादाते याच कामासाठी १० चा पट्टाही वापरतात, त्यामुळे ब्रिज मोडनंतरही आकडे जुळले नाहीत तर संशय इकडेच घ्यावा. मोठ्या सोसायटीच्या गेटवर एकच पाटी आणि आत चारशे फ्लॅट, पण टपाल कुणाच्या पेटीत टाकायचे हे वॉचमनला माहीत नाही, असा तो प्रकार. क्लायंट इमानेइतबारे गेटचा पत्ता नोंदवेल, सेवा ‘गुड’ म्हणेल, आणि बाहेरून येणारी जोडणी गेटवरच विरून जाईल. राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची क्रमांकित दारे, उघडली तरी उपयोग नाही. भारतात लहान केबल ऑपरेटरांपासून मोठ्या कंपन्यांपर्यंत अनेकांच्या घरगुती जोडण्या अशाच आहेत. मग स्टॅटिक आयपी घेणे, आयपीव्ही६ ही नवी, भरपूर पत्त्यांची पद्धत वापरणे किंवा ही पद्धतच सोडणे हे तीन मार्ग उरतात.

मांडणी

पत्ता आपलाच आहे अशी खात्री झाल्यावर क्लायंट कुठे बसवायचा ते ठरवावे. राउटर ही सर्वांत सोयीची जागा, कारण पत्ता बदलल्याचे त्यालाच सर्वांत आधी कळते. बहुतेक राउटरांच्या सेटिंगमध्ये डीडीएनएस असे पान असते. अडचण एवढीच, की त्या यादीत मोजक्याच सेवा असतात आणि काही तर कधीच्या बंद पडलेल्या. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त राउटर-प्रणाली टाकलेल्या राउटरवर डीडीएनएस-स्क्रिप्ट्स हे पॅकेज मिळते. ते मूळ सेटिंगमध्ये दर १० मिनिटांनी पत्ता पाहते आणि बदल नसला तरी ७२ तासांनी एकदा हजेरी लावते.

लिनक्सवर पर्ल भाषेत लिहिलेला डीडीक्लायंट जुना आणि खात्रीचा. सी भाषेतला इनाडिन त्याहून हलका. डीडीक्लायंटची सगळी मदार ईटीसी फोल्डरातल्या एका कॉन्फ फाइलवर असते. पहिल्या ओळीत ‘डेमन’पुढे ३००, म्हणजे दर ३०० सेकंदांनी तपासणी. मग एसएसएल चालू. त्यानंतर पत्ता कुठून घ्यायचा ती ओळ. इथे बरेच जण फसतात: क्लायंट राउटरच्या मागे असेल आणि ‘यंत्राच्या कार्डवरचा पत्ता घे’ असे सांगितले, तर तो १९२.१६८ चा घरगुती पत्ता जगाला कळवून मोकळा होतो. अशा वेळी ‘वेब’ हा पर्याय द्यावा, म्हणजे तो बाहेरच्या संकेतस्थळाला विचारतो. अलीकडच्या आवृत्त्यांत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी ही ओळ वेगवेगळी लिहितात. पुढे प्रोटोकॉल, सर्व्हर, लॉगिन आणि पासवर्ड. पासवर्डात विचित्र चिन्हे असतील तर तो अवतरणचिन्हांत टाकावा. आणि सर्वांत शेवटी, बरोबरचे चिन्ह वगैरे काही न लावता, नुसते आपले पूर्ण नाव. ती उघडी ओळ अर्धवट राहिल्यासारखी दिसते, म्हणून नवखे लोक ती पुसून टाकतात आणि मग क्लायंटकडे कळवायला नावच उरत नाही. फाइलीत पासवर्ड उघडा असल्याने तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) करावी. सेवा सुरू करण्याआधी डेमन शून्य ठेवून, डीबग आणि व्हर्बोज लावून एकदा हाताने चालवले, की कुठल्या पायरीला काय उत्तर आले ते पडद्यावर दिसते.

डक डीएनएस या सेवेत एवढाही खटाटोप नाही. खात्याचे टोकन (पासवर्डासारखी किल्ली) आणि नाव घातलेला एक दुवा क्रॉन या वेळापत्रकातून दर पाच मिनिटांनी कर्ल या आज्ञेने उघडायचा. उत्तर ‘ओके’ किंवा ‘केओ’. टोकन दुव्यातच असल्याने स्क्रिप्टचा फोटो काढून कुठल्या ग्रुपवर मदत मागताना ते झाकावे. स्वतःचे डोमेन असेल आणि नोंदी क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेवर असतील, तर संपूर्ण खात्याची किल्ली न देता फक्त त्या डोमेनच्या डीएनएस नोंदी बदलता येतील असे टोकन काढता येते.

एका नावासाठी एकच क्लायंट ठेवावा. राउटर आणि डीव्हीआर दोन्हींमध्ये तेच खाते भरले आणि घरात दोन कंपन्यांच्या लाइनी असल्या, तर दोघे आळीपाळीने आपापला पत्ता नोंदवत बसतात आणि नाव दिवसभर हेलकावे खाते.

नोंद बदलली तरी जगाला ती कळायला थोडा वेळ जातो. डायनॅमिक नोंदींचा टीटीएल, म्हणजे इतरांनी जुनी नोंद जपून ठेवायची मुदत, बहुधा ६० सेकंदांच्या आसपास ठेवतात, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांत नवा पत्ता दिसायला हवा. तपासणी मात्र मोबाइल डेटावरून करावी. घरच्याच वायफायवरून घरचे नाव उघडले तर अनेक राउटरांना ती उलटी वळवलेली जोडणी हाताळता येत नाही आणि सगळे नीट असूनही बंद असल्यासारखे भासते. नाव योग्य पत्ता दाखवते का हे एनएसलुकअप या आज्ञेने वेगळे पाहावे. तिथे पत्ता बरोबर असेल तर क्लायंटला दोष देणे थांबवून पोर्ट फॉरवर्डिंगकडे, म्हणजे बाहेरची जोडणी आतल्या यंत्राकडे धाडणाऱ्या सेटिंगकडे, वळावे. त्यासाठी आतल्या यंत्राचा घरगुती पत्ता राउटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या भागात) राखून ठेवलेला असावा लागतो, नाहीतर पुढच्या वेळी लाइट गेली की डीव्हीआरसाठी उघडलेले पोर्ट दिवाणखान्यातल्या टीव्हीकडे जाते.

आयपीव्ही६ असेल तर

इथे घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, सीजीनॅटचा अडसर राहत नाही, आणि क्लायंटची जागाही बदलते. राउटरमधला क्लायंट सहसा राउटरचाच पत्ता नोंदवतो, जो इथे कामाचा नसतो. क्लायंट ज्या यंत्रापर्यंत पोहोचायचे त्याच यंत्रावर बसवावा आणि नोंद क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्त्याची) प्रकारची करावी. संगणक गोपनीयतेसाठी काही काळाने बदलणारे तात्पुरते पत्तेही घेतात. क्लायंटने त्यांतला एखादा उचलला तर नोंद लवकरच शिळी होते, म्हणून स्थिर पत्ता निवडायला सांगावे लागते. बाहेरून येणारी जोडणी राउटरचा फायरवॉल अडवतो, तिथे त्या यंत्रापुरती सूट द्यावी. पाहणाऱ्याकडेही आयपीव्ही६ हवे. भारतातल्या मोबाइल जोडण्यांवर ते बहुतेक असते, ऑफिसच्या वायफायवर पुष्कळदा नसते.

सुरक्षितता

महाराष्ट्रात डीडीएनएस हा शब्द सामान्य माणसाच्या कानावर आला तो सीसीटीव्ही बसवणाऱ्यांमुळे. दुकानदाराला घरून गल्ला पाहायचा असे. फिटर राउटरमध्ये ८००० किंवा ३७७७७ हे पोर्ट उघडून, फुकट सेवेवर नाव काढून, ॲपमध्ये ते भरून जाई. डीव्हीआरचा मूळ पासवर्ड बरेचदा तसाच राही. जगभर हेच चालले होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी मिराय नावाच्या बॉटनेटने, म्हणजे ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने, डिनडीएनएसवाल्या डिन कंपनीचे डीएनएस सर्व्हर कोलमडवले आणि अमेरिकेत ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मिरायने जी यंत्रे कामाला जुंपली त्यांत मूळ पासवर्डावर चाललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येने होते. ज्या कंपनीने घरगुती डायनॅमिक नावे रुळवली, तिच्यावरच घरगुती उपकरणांचा हल्ला झाला.

म्हणून डीव्हीआर किंवा फाइल सर्व्हरचे पोर्ट थेट उघडण्यापेक्षा फक्त व्हीपीएनचे (घरापर्यंतच्या गुप्त बोगद्याचे) एक पोर्ट उघडे ठेवणे शहाणपणाचे. वायरगार्ड हा व्हीपीएन वापरला तर एक खोच लक्षात असू द्यावी: तो नावावरून पत्ता फक्त सुरू होताना एकदा शोधतो. घरचा पत्ता मध्येच बदलला तर क्लायंट नोंद सुधारतो, पण फोनमधला बोगदा जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. तो बंद करून चालू करावा लागतो. आणि त्या नावासाठी एचटीटीपीएसचे सर्टिफिकेट घेतले की ते नाव सार्वजनिक नोंदवहीत येते, तेव्हा त्यात आडनाव किंवा सोसायटीचे नाव गुंफू नये.

सध्या

नव्या कॅमेऱ्यांवर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की कंपनीच्या सर्व्हरमार्फत चित्र दिसते, नाव आणि पोर्ट लागत नाहीत. टेलस्केलसारखे जाळीदार व्हीपीएन सीजीनॅटमागूनही चालतात. गंमत म्हणजे तेही आपल्या यंत्रांना त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देतात. तरी ज्यांना आपला डेटा तिसऱ्या कंपनीच्या भरवशावर सोडायचा नाही, त्यांच्या घरी क्लायंट चालूच असतो. जुन्या दुकानांतही तो चालू सापडतो, पण कित्येकदा नावाचे खाते मालकाचे नसून फिटरच्या ईमेलवर काढलेले निघते. नो-आयपीचे फुकट नाव दर ३० दिवसांनी पुष्टी करून टिकवावे लागते, आणि ती आठवण फिटरच्या इनबॉक्समध्ये जाते.