चांदीची नाणी : धातुमूल्य आणि संग्रहमूल्य

चांदीच्या नाण्याला एकाच वेळी तीन किमती असतात : त्यावर छापलेले दर्शनी मूल्य, त्यातील चांदीचे धातुमूल्य आणि संग्राहक मोजायला तयार असतो ते संग्रहमूल्य. यांपैकी पहिली बहुधा नावापुरतीच उरते. 1986 पासून निघणारे अमेरिकेचे ‘सिल्व्हर ईगल’ हे नाणे एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.103 ग्रॅम चांदीचे. त्यावर मात्र ‘एक डॉलर’ असे लिहिलेले असते. खरा झगडा उरलेल्या दोन किमतींचा.

धातुमूल्य काढणे सोपे. वजनाला कसाने गुणावे आणि आलेल्या चांदीला त्या दिवशीचा भाव लावावा. मॉर्गन डॉलर या अमेरिकेच्या जुन्या चांदीच्या नाण्याचे वजन 26.73 ग्रॅम आणि कस 90 टक्के, तेव्हा त्यात सुमारे 24 ग्रॅम चांदी. नाणे झिजले असेल तर थोडी कमी. साल मात्र नीट पाहावे लागते. ब्रिटनने 1920 मध्ये चांदीच्या नाण्यांचा कस 92.5 वरून 50 टक्क्यांवर आणला आणि 1947 पासून चलनी नाण्यांतली चांदी काढूनच टाकली. त्यामुळे 1919 आणि 1920 ची नाणी दिसायला सख्खी भावंडे असली, तरी आटवल्यावर एकातून जवळजवळ दुप्पट चांदी निघते. नुसती चांदीच साठवायची असेल तर मोठी लगड स्वस्त पडते, कारण तिच्यावर दर ग्रॅममागे घडणावळ कमी लागते.

संग्रहमूल्याला असे गणित लागू पडत नाही. मॉर्गन डॉलर 1921 मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत 4 कोटी 40 लाखांहून अधिक पाडले गेले. सॅन फ्रान्सिस्कोत 1893 मध्ये फक्त 1 लाख. चांदी दोन्हींत सारखीच. पण पहिले झिजलेले असेल तर चांदीच्या भावाच्या आसपासच घुटमळते, आणि दुसरे झिजलेले असले तरी त्याच्या कैक पट जाते. हा सगळा फरक मागच्या बाजूच्या बारीकशा ‘एस’ या अक्षराचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीच्या खुणेचा. ते अक्षर साध्या नाण्यावर चिकटवून गिऱ्हाइकाला गंडवण्याची लबाडीही म्हणूनच जुनी आहे.

किती नाणी पाडली यापेक्षा किती उरली हे महत्त्वाचे. 1918 च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने 27 कोटींहून अधिक चांदीचे डॉलर आटवले. त्यांत कोणत्या सालाची किती गेली याची नोंद ठेवली नाही, त्यामुळे टांकसाळीचे आकडे हाताशी असूनही दुर्मिळतेचा अंदाज चुकतो. न्यू ऑर्लिअन्सचा 1903 चा डॉलर असाच फार दुर्मिळ समजला जाई. 1962 च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. लगडीच्या मालकाला हा धोका नसतो. एका तिजोरीतल्या काही पिशव्यांनी जगातला चांदीचा भाव हलत नाही.

जुनेपणा ही दुर्मिळतेची खूण नव्हे. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या नावाच्या थालर या चांदीच्या नाण्यावर 1780 हे साल असते, पण राणीच्या मृत्यूनंतरही तेच साल घालून तो पुन्हापुन्हा पाडला गेला. अशा बहुतेक नाण्यांना चांदीपेक्षा फारसे जास्त मिळत नाही.

नाण्याची स्थिती 1 ते 70 अशा श्रेणीत मोजतात. अमेरिकेचे नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी ही श्रेणी 1949 मध्ये मांडली, तीही तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. वरच्या टोकाला एका अंकाच्या फरकानेही किंमत दुपटीने वाढू शकते. इथेच हौशी माणूस हमखास फसतो : काळवंडलेले नाणे घासूनपुसून लख्ख करतो. चांदी जवळपास तेवढीच राहते, संग्रहमूल्य मात्र जाते. मूळ पृष्ठभाग एकदा खरवडला की तो परत येत नाही.

चांदी महागली की दोन्ही किमतींतले अंतर मिटते, ते सामान्य नाण्यांपुरते. जानेवारी 1980 मध्ये चांदी औंसाला 50 डॉलरच्या जवळ पोहोचली, तेव्हा मोडीच्या भावानेच चांगले पैसे मिळू लागल्याने ढिगांनी नाणी भट्टीत गेली. दुर्मिळ नाण्यांच्या मालकांना त्या तेजीचे फारसे काही वाटण्याचे कारण नव्हते. याउलट ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून भारी डबीत, भारी किमतीला विकली जाणारी स्मारक नाणी पुढे पुष्कळदा मोडीच्या भावालाच टेकतात, कारण ती घेणारे सगळेच ती जपून ठेवतात आणि नंतर शोधणारा कोणी उरत नाही.