शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील ध्वनिरचना व संगीत

गाड्यांच्या शर्यतीवर बेतलेल्या व्हिडिओ गेमसाठी इंजिन, टायर, वारा, टक्कर यांचे आवाज व पार्श्वसंगीत तयार करण्याचे आणि खेळ चालू असताना ते गाडीच्या स्थितीनुसार क्षणोक्षणी बदलत ठेवण्याचे तंत्र. खऱ्या गाडीत चालकाला हिसका, कल, थरथर अंगानेच कळते. पडद्यासमोर बसलेल्याला यातले फारच थोडे मिळते, त्यामुळे गिअर कधी टाकायचा, टायरची पकड कुठे सुटू लागली, मागची गाडी कोणत्या बाजूने येते आहे, हे तो बहुतांशी कानाने ठरवतो. मुरलेले खेळाडू वेगदर्शकाकडे क्वचितच पाहतात.

उगम : मोटारीच्या आवाजाची सोय व्हिडिओ गेमच्याही आधीच्या विद्युत्-यांत्रिक खेळांत आढळते; कास्कोचा ‘इंडी ५००’ (१९६८) हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. अटारीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’मध्ये (१९७४) मायक्रोप्रोसेसर नव्हता, आवाज सुट्या घटकांच्या विद्युत् मंडलांतून निघत.

संगीताचा आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. काहीजण नामकोच्या ‘रॅली-एक्स’कडे (१९८०) बोट दाखवतात. त्यात खेळ चालू असताना सलग सुरावट वाजते आणि पडद्यावर मोटारीही आहेत. परंतु तो मुळात चक्रव्यूहातला पाठलाग आहे, शर्यत नव्हे. नामकोचाच ‘पोल पोझिशन’ (१९८२) निखळ शर्यतीचा खेळ. मात्र त्यातली धून सुरुवातीपुरतीच, प्रत्यक्ष शर्यतीत फक्त गाडीचे आवाज ऐकू येतात. सेगाच्या ‘आउट रन’ला (१९८६) हा मान देणारे पुष्कळ आहेत, कारण त्यात निघण्यापूर्वी खेळाडू गाडीच्या रेडिओवर तीनपैकी एक धून निवडतो. त्याचे कर्ते यू सुझुकी यांनी स्वतः त्याला शर्यतीपेक्षा ड्रायव्हिंगचा खेळ म्हटले आहे. या सर्वांत सेगाची मोटारसायकल शर्यत ‘हँग-ऑन’ (१९८५) मागे पडते, हे योग्य वाटत नाही. धावत्या शर्यतीवर सलग संगीत तिच्यात एक वर्ष आधीच आहे आणि संगीतकारही ‘आउट रन’चेच, हिरोशी कावागुची. धून निवडण्याची कल्पना ‘आउट रन’ची आणि शर्यतीतल्या सलग संगीताचा आरंभ ‘हँग-ऑन’च्या आसपासचा, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

इंजिनाचा आवाज : फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणून मिनिटाच्या फेऱ्यांना ६० ने भागून सिलिंडरांच्या निम्म्या संख्येने गुणले की मूळ कंप्रता मिळते. चार सिलिंडरांचे इंजिन ६,००० फेऱ्यांवर २०० हर्ट्‌झचा, तर दहा सिलिंडरांचे शर्यतीचे इंजिन १८,००० फेऱ्यांवर १,५०० हर्ट्‌झचा स्वर देते. पहिले घुमते, दुसरे किंचाळते, ते यामुळेच.

प्रचलित पद्धत लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा सलग वाजणाऱ्या छोट्या मुद्रणाची आहे. गाडी डायनोच्या (गाडी जागेवरच चालवून चाचणी घेण्याच्या यंत्राच्या) रोलरवर बांधून ठरावीक फेऱ्यांवर स्थिर चालवतात आणि प्रत्येक टप्प्यावर दोन मुद्रणे घेतात : एक ॲक्सिलरेटर दाबलेला व इंजिनावर भार असताना, दुसरे पाय उचलल्यावर. एक मायक्रोफोन सायलेन्सरच्या तोंडापासून सुमारे अर्ध्या मीटरवर, पण तिरका ठेवतात. समोर ठेवला तर वायूचा झोत थेट मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून मुद्रण फाटते. दुसरा हवा आत ओढली जाते तिथे, तिसरा चालकाच्या कानाजवळ. डायनोसमोरचे थंडाव्याचे पंखे प्रत्येक मुद्रणात शिरतात, म्हणून ते दर टप्प्याला काही सेकंद बंद करूनच मुद्रण उरकावे लागते.

टप्पे सारख्या अंतरावर घेणे ही नेहमीची चूक. १,००० ते २,००० फेऱ्या म्हणजे पूर्ण सप्तक. ६,००० ते ७,००० म्हणजे तीन अर्धस्वरांहूनही (अर्धस्वर म्हणजे सप्तकाचा बारावा भाग) कमी. मुद्रित तुकडा (सॅम्पल) दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे ताणला की सायलेन्सरचा स्वतःचा अनुनादही स्वराबरोबर वर सरकतो आणि गाडी खेळण्यातली वाटू लागते. यासाठी टप्प्यांतले गुणोत्तर सारखे ठेवतात. १,००० ते ८,००० या तीन सप्तकांत चार-चार अर्धस्वरांवर दहा टप्पे बसतात. भार आणि विनाभार मिळून वीस लूप झाले. सायलेन्सर व हवेची वाट वेगळी ठेवली तर चाळीस.

लूपमध्ये इंजिनाची आवर्तने (प्रत्येक दोन फेऱ्यांचे) पूर्ण संख्येत असली पाहिजेत. ३,००० फेऱ्यांवर एक आवर्तन ४० मिलिसेकंदांचे, म्हणजे दोन सेकंदांच्या लूपमध्ये नेमकी ५० आवर्तने. मध्येच कापले की लूप दर वेळी नव्याने सुरू होताना टक् असा आवाज येतो. लूप फार आखूड घेतला तर तीच ती बारीक खोड परत परत ऐकू येऊन इंजिन शिवणयंत्रासारखे वाजते.

खरी कसोटी दोन टप्प्यांच्या मधे लागते. समजा, ३,००० आणि ४,००० हे लगतचे टप्पे आहेत आणि चार सिलिंडरांची गाडी ३,५०० फेऱ्यांवर आहे. तेव्हा ३,००० चा लूप वर आणि ४,००० चा खाली सरकवून दोन्ही एकत्र वाजतात, आणि दोघांचा स्वर ११६.७ हर्ट्‌झच यायला हवा. एका लूपवर फेऱ्यांची नोंद एक टक्क्याने चुकली तर सेकंदाला एकाहून किंचित अधिक वेळा आवाज फुगतो व बसतो. ऐकणाऱ्याला इंजिनच बिघडल्यासारखे वाटते. स्वर जुळला पण कला (दोन्ही लहरींचे चढउतार एकाच क्षणी येणे) जुळली नाही, तर आवाज पोकळ होतो. अशा वेळी क्रॉसफेडचा (एक लूप मंदावत दुसरा चढवण्याचा) वक्र बदलून भागत नाही. मुळात लूपचा आरंभ एकाच सिलिंडरच्या पेटण्यापासून धरावा लागतो.

दुसरी पद्धत कणांची. इंजिन मंद गतीपासून लाल रेषेपर्यंत (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेपर्यंत) वीस-तीस सेकंदांत सावकाश चढवून एकच मुद्रण घेतात, त्याचे आवर्तनागणिक तुकडे करतात आणि हव्या त्या फेऱ्यांच्या जवळचे तुकडे आलटूनपालटून वाजवतात. आवाज जिवंत राहतो, ताणावा लागत नाही. स्मृती मात्र अधिक लागते आणि क्रँकशाफ्टची खूण शेजारच्या मार्गिकेवर नोंदलेली नसेल तर तुकडे चुकीच्या जागी पडतात.

टायर, वारा, इतर गाड्या : टायरचा आवाज गाडीच्या वेगाला जोडू नये, घसरकोनाला (चाकाची दिशा व त्याची प्रत्यक्ष वाटचाल यांतील कोनाला) व चाकाच्या घसरण-प्रमाणाला (चाकाचे फिरणे व गाडीचा वेग यांतील तफावतीला) जोडावा. पकड संपण्याच्या जरा आधी किंकाळी सुरू झाली तरच ती उपयोगाची. पकड सुटल्यावर आलेला आवाज फक्त अपघाताची बातमी देतो.

ताशी २०० किमी. वेगाने जवळून गेलेल्या गाडीचा स्वर डॉप्लर परिणामाने एकूण सुमारे पावणेसहा अर्धस्वरांनी उतरतो. कॅमेरा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो तेव्हा संगणकाला तो प्रचंड वेग वाटतो आणि स्वर क्षणभर भलतीकडे उडतो. त्या चौकटीपुरता (चित्राच्या एका फ्रेमपुरता) वेग शून्य धरणे हा साधा उपाय. स्वतःच्या गाडीला डॉप्लर लावूच नये. वीस गाड्यांना प्रत्येकी आवाजाचे आठ थर दिले तर १६० आवाज होतात, म्हणून दूरच्या गाडीला एकच लूप पुरवतात.

संगीत : सीडी आल्यावर मुद्रित संगीत थेट वाजवता येऊ लागले, पण संगीत चालू असताना त्याच सीडीवरून खेळाची माहिती वाचता येत नसे. ‘रिज रेसर’च्या प्लेस्टेशन आवृत्तीत (१९९४) खेळ स्मृतीत चढवून ठेवल्यामुळे खेळाडूला स्वतःची सीडी घालून शर्यत करता येई. ‘वाइपआउट’ने (१९९५) क्लबमधले इलेक्ट्रॉनिक संगीत आणले. ‘सुपर मारिओ कार्ट’मध्ये (१९९२) शेवटच्या फेरीला धून जलद होते, हा संकेत पुढे रूढ झाला.

मिश्रणात बेस गिटार आणि चार सिलिंडरांचे इंजिन १०० हर्ट्‌झच्या आसपास एकमेकांवर चढतात. संगीताचा तो पट्टा इंजिनावर भार असतानाच तीन-चार डेसिबलने दाबतात. कायमचा कापला तर खेळ थांबवल्यावर दिसणाऱ्या पडद्यावर तेच संगीत किडके वाटते. परवान्याने घेतलेल्या गाण्यांची मुदत संपली की ती पुढील आवृत्तीतून काढावी लागतात, कधी खेळच विक्रीतून मागे घेतला जातो.