ड्रिपरमध्ये एक चकती वाढते तेव्हा

ठिबकचा ड्रिपर उघडून बघायच्या फंदात सहसा कुणी पडत नाही. तुंबला की काढायचा, फेकायचा आणि नवा टोचायचा. पण उघडलाच, तर साध्या ड्रिपरमधून दोन तुकडे निघतात, खालची बैठक आणि वरचं झाकण. बैठकीवर एक नागमोडी वाट कोरलेली असते. पाणी त्या वळणांवर आपटत, घुसळत आपला जोर घालवतं आणि शेवटी थेंबाथेंबाने बाहेर पडतं. ज्या ड्रिपरला दुकानदार ‘पीसी’ (प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे प्रेशर बदललं तरी पाणी तेवढंच देणारा) म्हणतात, त्यात मात्र तिसरा तुकडा असतो. शर्टाच्या बटणाएवढी सिलिकॉन रबराची एक लवचीक चकती. कारखान्याच्या चालू लाइनमध्ये ही चकती बसवायचं काम नव्याने घालायचं ठरलं, तर काय काय हलतं, ते पाहू.

आधी चकती हवी कशाला? तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत साधा ड्रिपर चालून जातो. यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला लागलात की जमीन उतरती होते. १० मीटर उतार म्हणजे नळीत जवळजवळ १ किलोचं (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर वाढलं. साध्या ड्रिपरमधलं पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. १ किलोला ताशी ४ लिटर देणारा ड्रिपर २ किलोला साधारण ५.७ लिटर देतो. वरच्या अंगाची केळी तहानलेली आणि खालची चिखलात उभी, असा तो प्रकार. चकती हाच फरक गिळते. प्रेशर वाढलं की पाणीच तिला वाटेवर दाबतं, वाट अरुंद होते आणि ठरावीक पल्ल्यात पाणी जवळजवळ तेवढंच राहतं.

ठिबक आणि जळगाव ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. भवरलाल जैन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात इथे ठिबकचं काम उभं केलं, आणि आज पाइप, नळ्या, चटया अशा प्लास्टिकच्या कामाची सवय या शहराच्या हाताला आहे. तेव्हा समजा, असाच एक छोटा कारखाना साधे ड्रिपर जुळवतो. पाच ठिकाणं आहेत: बैठक खाच्यात ठेवणं, झाकण ठेवणं, प्रेसवर दाबणं, हवा सोडून तपासणं, मोजून पिशवीत भरणं. आठ तासांच्या पाळीतून जेवण, चहा, साफसफाई वजा जाता ४२० मिनिटं उरतात, म्हणजे २५,२०० सेकंद. रोजचं टार्गेट ८,४०० नग. भागाकार केला की ३ सेकंद येतात. याला कारखान्यात ‘टॅक्ट टाइम’ म्हणतात. दर ३ सेकंदांनी एक नग बाहेर पडायला हवा, त्यामुळे कुठल्याही ठिकाणी नगामागे सरासरी ३ सेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊन चालत नाही.

चकती कुठे घालायची, याला पर्यायच नाही. बैठकीनंतर आणि झाकणाआधी. प्रेसवर झाकण बसलं की ते परत निघत नाही, निघालं तर तुकडा भंगारात. चिमट्याने चकती उचलून नेमकी बसवायला सरासरी ४ सेकंद लागतात असं धरू. ३ सेकंदांच्या लाइनमध्ये ४ सेकंदांचं काम मावत नाही, म्हणून दोन माणसं लागणार. पण दोघांकडे मिळून नगामागे ६ सेकंद आणि काम ४ सेकंदांचं, म्हणजे तिसरा हिस्सा वेळ रिकामा. मालकाच्या डोळ्यांत तेच खुपतं. मग ऑफिसात कुणीतरी एक्सेल उघडतं. झाकण ठेवायला २ सेकंद लागतात, तेही याच दोघींना दिलं तर? ४ आणि २ मिळून ६ सेकंद, माणसं दोन, म्हणजे दर ३ सेकंदांनी एक नग. झाकणाच्या ठिकाणचा माणूसही मोकळा झाला. कामांची अशी वाटणी करणं हे गणिताचं एक रीतसर कोडं आहे. १९५५ मध्ये मेल्विन सॅल्व्हसन यांनी ते सूत्रबद्ध केलं आणि कामं वाढली की संगणकालाही ते घाम फोडतं. आपलं कोडं मात्र एका ओळीत सुटलं.

आणि हीच मांडणी जमिनीवर फसते.

६ सेकंद ही सरासरी आहे. एखादी चकती ३ सेकंदांत बसते, एखादी ७ घेते, कारण सिलिकॉनच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून येतात आणि त्या आधी सोडवाव्या लागतात. लवकर झालेल्या कामातून वाचलेला वेळ उशिराच्या कामाला उसना देता येत नाही, कारण पुढचा नग वेळेआधी समोर आलेला नसतो. फायदा हवेत जातो, तोटा मात्र साचतो. १९६१ मध्ये ब्रिटिश गणिती जॉन किंगमन यांनी याचं जे सूत्र मांडलं, ते मला कारखानदारीतलं सगळ्यात दुर्लक्षित सूत्र वाटतं. रांगेत लागणारा वेळ दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: काम करणारा किती भरगच्च आहे आणि काम किती अनियमित आहे. माल येण्याची आणि काम होण्याची वेळ दोन्ही पुरत्या बेभरवशाच्या असतील, तर ८० टक्के भरलेल्या ठिकाणी नगाला कामाच्या वेळेच्या चौपट थांबावं लागतं, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. १०० टक्क्यांना रांग संपतच नाही. एक्सेलमध्ये दिसणारी सुंदर वाटणी म्हणजे नेमकी ही १०० टक्क्यांची.

प्रत्यक्षात टेबलावर एवढी रांग मावत नाही. जागा भरली की बैठक ठेवणारा हात बांधून बसतो, आणि पुढे प्रेसवरचा माणूस माल नाही म्हणून बसतो. सुपरवायझर येऊन विचारतो, “ताई, तुमच्यामुळे लाइन उभी आहे का?” ताई म्हणते, “भाऊ, चकत्या सुट्या करून द्या, मग बोला.” माझ्या मते यात ताईचं बरोबर आहे. तिने हात भरभर चालवण्यापेक्षा चकत्यांचं चिकटणं कमी करणं जास्त फळतं, कारण त्याने सरासरी आणि अनियमितपणा दोन्ही एकदम उतरतात.

हात भरभर चालवून फार काही हाती लागत नाही, हे फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्याने १९१३ मध्येच दाखवलं होतं. मोटारीचा मॅग्नेटो (इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) एक माणूस २० मिनिटांत जुळवायचा. ते काम २९ हिश्शांत वाटलं तेव्हा वेळ १३ मिनिटं १० सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी लाइन फक्त ८ इंच उंच केली आणि तो ७ मिनिटांवर आला! आपल्याकडे नव्या मशीनला लाखो रुपये निघतात, पण टेबलाखाली दोन विटा ठेवून बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

माणसं नकोतच, मशीन लावू, असं म्हणणारेही भेटतात. थरथरत्या वाडग्यातून चकत्या ओळीने पुढे सरकवणारा फीडर मिळतो, आणि कडक तुकड्यांना तो छानच चालतो. मऊ, चिकट चकती मात्र त्याला छळते. हिशेब बघा. समजा, पाचही ठिकाणं मशीनवर आहेत, मध्ये माल साठवायला जागा नाही आणि प्रत्येक मशीन ९८ टक्के वेळ चालतं. एक थांबलं की सगळी थांबतात, म्हणून ०.९८ पाच वेळा गुणायचं. लाइन ९० टक्के वेळ चालेल. आता त्यात ९० टक्के चालणारा चकतीचा फीडर घातला की लाइन ८१वर येते. जुन्या मशीनना कुणी हातही लावलेला नसतो, तरी त्यांचं उत्पादन पडतं.

यावरचा जुना उपाय म्हणजे मध्ये क्रेट ठेवायचा. चकतीच्या ठिकाणाआधी आणि नंतर ४०-४० नग साठले, की दोन मिनिटांची अडचण शेजाऱ्याला कळतही नाही. उपाय चांगला आहे, पण त्याची किंमत दुसऱ्या खिशातून जाते. जॉन लिटल यांनी (तेही १९६१ मध्येच, रांगांच्या गणिताला ते वर्ष मानवलेलं दिसतं) सिद्ध केलेला नियम अगदी साधा आहे: लाइनवर पडून असलेले नग म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले एका नगाला आत लागणारा वेळ. दर ३ सेकंदांनी एक नग निघतो आणि लाइनवर ६०० नग पडून आहेत, तर प्रत्येक नग आत अर्धा तास काढतो. चकती बसवताना काही बिघडलं आणि तपासणी टोकाला असली, तर बिघाड अर्ध्या तासाने कळणार, तोवर ६०० नगांवर झाकणं दाबून झालेली. म्हणून ४० ठीक, ४०० नको. आणि चकती आहे की नाही हे झाकण पडायच्या आधीच बघायचं.

कारण बाहेरून काहीच दिसत नाही. चकती राहून गेलेला ड्रिपर आणि चकतीचा ड्रिपर दिसायला सारखेच. एक राहिली तर त्या झाडाला पाणी जास्त, दोन चिकटून बसल्या तर पाणी कमी किंवा बंद, आणि हे कळतं ते थेट शेतात, महिन्याने, पानं पिवळी पडल्यावर.

विसरण्यावरची एक युक्ती याच कामासाठी जन्मली असावी इतकी चपखल बसते. तीही १९६१ची. जपानमध्ये शिगेओ शिंगो यांच्यासमोर एक छोटा स्विच होता. बटणाखाली दोन स्प्रिंगा घालायच्या, आणि कामगार कधीकधी एखादी विसरायचे. शिंगोंनी कुणाला दटावलं नाही. आधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढायच्या, मग जुळणी करायची, एवढंच ठरवलं. बशीत स्प्रिंग उरली तर आत्ताच काहीतरी राहिलंय, हे डोळ्यांसमोर येतं. चकतीसाठी आठ खळग्यांची प्लेट करावी. खळगा एकाच चकतीच्या जाडीइतका खोल ठेवला आणि वरून पट्टी फिरवली, की चिकटलेली दुसरी चकती तिथेच निघते. आठ बैठका झाल्यावर एखादा खळगा भरलेला असेल, तर एक नग राहिला. कॅमेरा लावायला हरकत नाही, पण ही प्लेट आधी.

नळीच्या आतच ड्रिपर बसवतात, त्या इनलाइन प्रकारात यातलं बरंच काही चालत नाही. तिथे साधारण २०० अंशांवर वितळलेल्या पॉलिथीनची नळी साच्यातून अखंड बाहेर येत असते आणि ड्रिपर तिच्या गरम आतल्या भिंतीला चिकटवायचा असतो. मिनिटाला १२० मीटर नळी आणि ४० सेंटिमीटरचं अंतर धरलं, तर मिनिटाला ३०० ड्रिपर, सेकंदाला ५. गरम नळीला ‘जरा थांब’ म्हणून क्रेटमध्ये ठेवता येत नाही. साठा करायचा तो अलीकडे, ड्रिपर ओळीने सरकतात त्या पट्टीवर. ती रिकामी झाली तरी नळी येतच राहते, फक्त ड्रिपरविना, आणि तेवढी भंगारात जाते. पुढे नळी पाण्यात गार झाल्यावर आत ड्रिपर नेमका कुठे आहे हे हेरून बरोबर त्याच्यावर छिद्र पाडावं लागतं. अशा लाइनमध्ये नवं काम घालायचं तर ते नळीच्या वेगानेच झालं पाहिजे. साच्यापासून गुंडाळणीपर्यंत उसंत कुठेच नाही.

आपल्या छोट्या कारखान्याकडे परत येऊ. त्याने चकतीचं काम सुरुवातीला लाइनमध्ये घालूच नये. बाजूच्या टेबलावर दोघींनी चकत्या बसवाव्यात आणि चकती बसवलेल्या बैठका लाइनवर द्याव्यात. ४ सेकंद हा आकडा मुळात कच्चा आहे, कारण हात बसला की वेळ उतरतो. १९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमानांच्या कारखान्यातल्या आकड्यांवरून दाखवलं, की एकूण उत्पादन दुप्पट झालं की नगामागची मेहनत सुमारे २० टक्क्यांनी घटते. ड्रिपरला तोच दर लागू पडेल असं नाही, पण दिशा तीच. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर लाइन आखली तर दोन महिन्यांनी ती चुकीचीच ठरते.

आणि सुरुवात एप्रिल-मेमध्ये तर मुळीच करू नये. मृगबागेची केळी जून-जुलैत लागते, तिचा माल त्याआधी जायचा असतो. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असतो, प्लास्टिक फुगून झाकणाची बसवणी किंचित बदलते. त्यातच आखाजी (अक्षय्य तृतीया) येते, सराईत हात माहेरी जातात आणि चिमटा नवख्या हातात येतो. मृगबागेचा माल रवाना झाला की कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लागणाऱ्या केळीच्या, ऑर्डरी यायच्या आत जे दोन महिने मिळतात, तेवढ्यात चकती लाइनवर आणावी.