मंदीत रुजलेली माणशी-महिना पद्धत

कंपन्यांना लागणारं सॉफ्टवेअर आज महिन्याच्या हिशेबाने मिळतं. माणशी इतके रुपये, आधी थोडे दिवस फुकट वापरा, नको असेल तर बंद करा. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की तिने मूळ धरलं ते मंदीत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. २०२२ मध्ये व्याजदर चढू लागले, ग्राहक एकेक लॉगिन मोजून कमी करू लागले आणि मार्केटिंगवाल्यांनी पुन्हा 'लागेल तेवढंच घ्या' ही भाषा काढली. ती भाषा २००० ते २००२ च्या, इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यानंतरच्या पडझडीत घडलेली आहे.

त्याआधीचा धंदा वेगळा होता. लायसन्स एकरकमी विकायचं, वर दरवर्षी देखभालीचे साधारण १५ ते २० टक्के घ्यायचे. सर्व्हरचा आणि बसवून देणाऱ्या सल्लागारांचा खर्च निराळा. एवढी मोठी खरेदी भांडवली खर्चात जायची, म्हणून सही थेट वरच्या साहेबाची लागायची. विकणाऱ्यांची सगळी धावपळ तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात. तेजीत हे खपून जातं. १९९० मध्ये डेटाबेस सॉफ्टवेअर विकणाऱ्या ओरॅकलच्या मात्र ते अंगाशी आलं. विक्री हिशेबात लवकर धरण्याची सवय उघडी पडली, कंपनीला तोटा झाला आणि सुमारे १० टक्के लोकांना घरी बसावं लागलं. पुढे नव्वदच्या दशकात पैशाचा ओघ सुरू झाला आणि तो अनुभव मागे पडला.

ओरॅकलमधूनच बाहेर पडलेल्या टॉम सिबेल यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेली सिबेल सिस्टिम्स ही ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली बलाढ्य कंपनी झाली. मार्च १९९९ मध्ये मार्क बेनिऑफ यांनी, तेही ओरॅकलचेच, सॅन फ्रान्सिस्कोच्या टेलिग्राफ हिलवरच्या एका फ्लॅटमध्ये तीन सहकाऱ्यांसह सेल्सफोर्स सुरू केली. तेच काम, पण ब्राउझरमधून आणि माणशी महिना ५० डॉलरला.

फेब्रुवारी २००० मध्ये मॉस्कोनी सेंटरमध्ये सिबेलच्या ग्राहकांचा मेळावा भरला होता. बाहेर फलक घेतलेले निदर्शक, विकत घेऊन बसवायच्या सॉफ्टवेअरच्या विरोधात घोषणा देत होते आणि टीव्हीचे बातमीदार त्यांच्या मुलाखती घेत होते. निदर्शक सेल्सफोर्सने भाड्याने आणलेले नट होते, बातमीदारही खोटे. पोलिसांना बोलावण्यात आलं आणि फुकटात गाजावाजा झाला. लाल वर्तुळात 'सॉफ्टवेअर' हा शब्द आणि त्यावर तिरकी रेघ, हे कंपनीचं चिन्ह लोकांच्या डोक्यात बसलं. पण असं नाटक पैसे टाकून कुणालाही उभं करता आलं असतं. सेल्सफोर्स तगली ती त्यामागच्या अटीमुळे. ५० डॉलरला वरच्या साहेबाची सही लागत नाही, विक्री विभागाचा मॅनेजर ते आपल्या चालू खर्चातून भरू शकतो. माझ्या मते मंदीतली खरी जाहिरात हीच होती.

१० मार्च २००० ला नॅसडॅक, म्हणजे तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकी शेअर निर्देशांक, ५०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ पर्यंत घसरला. या काळात सेल्सफोर्सलाही नाकी नऊ आले. करार नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे, असं वचन देऊन ग्राहक आणले होते, पण तिजोरीत खडखडाट होता. मग वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायला सुरुवात झाली. हा बदल जाहिरातींपेक्षा मोलाचा होता, कारण नवा ग्राहक आणायला लागणारा पैसा आता ग्राहकाकडूनच आधी येत होता. जोडीला गावोगाव छोटे मेळावे सुरू झाले. तिथे विक्रेत्यापेक्षा जुने ग्राहकच नव्यांशी जास्त बोलायचे, आणि हात आखडलेल्या माणसाचा भरवसा त्यांच्यावरच जास्त.

जानेवारी २००२ ला संपलेल्या वर्षात सेल्सफोर्सचा महसूल सुमारे २.२ कोटी डॉलर होता, दोन वर्षांनी ९.६ कोटी. सिबेलचा महसूल २००१ मध्ये सुमारे २०० कोटी डॉलर होता, तो २००३ पर्यंत १३५ कोटींवर आला. २००६ च्या जानेवारीत ओरॅकलने सिबेल विकत घेतली.

आपल्याकडची हकिकत चेन्नईची. अ‍ॅडव्हेंटनेट या सॉफ्टवेअर कंपनीचे ग्राहक टेलिकॉम उपकरणं बनवणारे होते आणि २००१ मध्ये तेच कोसळले. कंपनीचे एक संस्थापक श्रीधर वेंबू आणि मंडळींनी मग दुसरा गिऱ्हाईक शोधला, तो म्हणजे कंपन्यांमधला संगणक विभाग. २००२ मध्ये या विभागासाठीचं मॅनेजइंजिन हे सॉफ्टवेअर आलं. इंटरनेटवरून उतरवा, वापरून बघा, पटलं तर घ्या. जाहिरातीवर हात राखून आणि दर कमी ठेवून ते पसरलं, आणि त्याच घरातून पुढे झोहो आलं. फेब्रुवारी २००२ मध्येच गूगलने शोधासोबतच्या जाहिरातींना क्लिकमागे बोली लावण्याची सोय केली. किती पैसे घातले नि किती ग्राहक आले, हे छोट्या विक्रेत्यालाही मोजता येऊ लागलं.

२००८ मध्ये पुन्हा तेच सावट. मंदीत जाहिरात थांबवू नका, असं सांगणारे जुने अभ्यास तेव्हा सगळे दाखवू लागले. त्यातला एक रोलंड वेल यांचा, १९२१ च्या मंदीवरचा, १९२७ मध्ये छापलेला. मला हा पुरावा कधीच पुरेसा वाटला नाही. ज्यांना खर्च झेपला ते मुळात सुस्थितीत असण्याचीच शक्यता जास्त. मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या हबस्पॉटने मात्र वेगळी वाट धरली. वेबसाइटचा पत्ता टाका, शंभरपैकी गुण बघा, असं साधन त्यांनी फुकट ठेवलं. ज्याला कमी गुण पडले, तो स्वतःच चौकशी करायला यायचा.

२००९ च्या उन्हाळ्यात मी भोसरी एमआयडीसीत छोट्या कारखान्यांना ईआरपी, म्हणजे स्टॉक-हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, विकत फिरत होतो. एका शेडमध्ये दोन पाळ्या बंद होत्या आणि मालक स्वतः चलनं लिहीत बसले होते. मी दरपत्रक पुढे केलं. त्यांनी ते उलटं ठेवलं आणि विचारलं, "चार महिन्यांनी पैसे भरता आले नाहीत, तर माझ्या स्टॉकच्या नोंदी कोण परत देणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात आम्ही कराराचं पहिलंच कलम बदललं: सेवा बंद झाली तरी सगळ्या नोंदी सात दिवसांत एक्सेलमध्ये परत. दरपत्रक दुसऱ्या पानावर गेलं.