पॉइंट बत्तीसच का? परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमागची सव्वाशे वर्षं

स्वसंरक्षणाचा परवाना हातात पडला की माणूस शस्त्रांच्या दुकानात जातो. जाण्याआधी ग्लॉक, सिग, स्मिथ अँड वेसन या परदेशी कंपन्यांच्या हत्यारांचे व्हिडिओ पाहून झालेले असतात. दुकानदार कपाटातून दोन-तीन हत्यारं काढून काउंटरवर ठेवतो, आणि ती सगळी पॉइंट बत्तीसची, म्हणजे नळीचा आतला व्यास (बोअर) सुमारे .३२ इंच असलेली, निघतात. 'नाइन एमएम दाखवा' म्हटलं तर उत्तर ठरलेलं: 'ते तुमच्या परवान्यावर बसत नाही.' म्हणजे निम्मी निवड गिऱ्हाइकाच्या आधीच होऊन गेलेली आहे. ती कुणी केली आणि कशापायी, हे माहीत असलं की उरलेली निम्मी तरी डोळसपणे करता येते.

भारतात परवानाधारकाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जे काडतूस जातं, त्याचं पूर्ण नाव .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते अमेरिकेत १८९६ मध्ये आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्क पोलिसांनी कोल्ट कंपनीचं .३२ बोअरचं 'न्यू पोलीस' रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट तेव्हा तिथल्या पोलीस मंडळावर होते. पायी गस्त घालणाऱ्या शिपायाला दिवसभर बाळगता येईल, कोटाखाली फुगवटा दिसणार नाही आणि फारसा सराव नसतानाही झाडता येईल, एवढीच या हत्याराकडून अपेक्षा होती. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. आजच्या ९ मिमी काडतुसाची ऊर्जा याच्या जवळपास तिप्पट भरते. पॉइंट बत्तीस सौम्य आहे ते असं, मुळापासून.

अमेरिकन पोलीस त्यावर फार काळ थांबले नाहीत. .३८ स्पेशल रुळलं आणि बाळगण्याच्या सोयीचा प्रश्न नव्यानं उभा राहिला, कारण मोठं काडतूस म्हणजे मोठं सिलिंडर, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये कमरेला टोचतं ते सिलिंडरच. नळीची लांबी बसताना त्रास देते, जाडी मात्र दिवसभर. कोल्टनं १९२७ मध्ये 'डिटेक्टिव्ह स्पेशल' काढलं: दोन इंची नळी, पण गोळ्या सहाच. स्मिथ अँड वेसननं १९५० मध्ये 'चीफ्स स्पेशल' आणताना एक गोळी सोडली. पाच गोळ्यांचं सिलिंडर आपोआप बारीक झालं. पाठोपाठ घोडा आतच झाकलेलं 'सेंटेनिअल' आलं, कारण खिशातून काढताना घोड्याचं टोक अस्तरात अडकायचं. बाळगायच्या हत्याराचा इतिहास हा असा आहे: एक गोळी कमी, घोड्याचं टोक छाटलेलं, जाडी दोन-चार मिलिमीटरनं उतरलेली.

आपल्याकडे हे वारं ब्रिटनमार्गे आलं आणि वाटेत त्याचं रूप बदललं. ब्रिटिश सैन्याचं वेब्ली रिव्हॉल्व्हर .४५५ बोअरचं, अवजड, दणकट. पहिल्या महायुद्धात दिसलं की घाईघाईनं भरती केलेल्या, जेमतेम शिकवलेल्या माणसाला त्याचा धक्का सांभाळत नाही. म्हणून युद्धानंतर .३८ बोअरकडे वळायचं ठरलं आणि १९३२ मध्ये एनफील्ड नंबर २ अधिकृत झालं. पुढे रणगाड्याच्या अरुंद जागेत घोडा अडकतो म्हणून त्याचंही टोक काढून टाकलं. वेब्लीनं याच घडणीचं मार्क ४ बनवलं. वरून मोडणारं: खिट्टी दाबली की नळी खाली झुकते, सिलिंडर उघडं पडतं आणि पुंगळ्या एकदम बाहेर येतात. हीच घडण पुढे कानपूरला पोचली.

खिशात मावणारं चपटं स्वयंचलित पिस्तूल महाराष्ट्राला नवं नव्हतं. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंगच. सिलिंडर नसल्यामुळे जाडी कमी, म्हणून लपवायला सोपं. परवान्याच्या बाजारात मात्र रिव्हॉल्व्हरच रुळलं, आणि त्याचा तपशील कायद्यानं ठरवला.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला, १९६२ चे नियम आले, आणि त्यात बोअरची फाळणी पक्की झाली. सैन्याची व पोलिसांची काडतुसं ज्यात चालतात ती पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं निषिद्ध बोअरमध्ये गेली: .४५५, .३८०, ९ मिमी वगैरे. यातलं .३८० म्हणजे वर सांगितलेल्या एनफील्डचंच काडतूस. तर्क सरळ आहे. कोठारातून चोरीला गेलेला दारूगोळा नागरी हत्यारात बसताच कामा नये. या चाळणीतून खाली उरलं .२२, .२५, .३२, .३५७ आणि आणखी थोडं. .२२ आणि .२५ स्वसंरक्षणाला तोकडे. .३५७ कागदावर चालतं, पण हत्यार आणायचं कुठून? १९८० च्या दशकात खासगी परवानाधारकांसाठी आयात बंद झाली. त्यामुळे देशात होती तीच परदेशी हत्यारं हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव चढत गेले. आजही जुनं, नीट राखलेलं वेब्ली अँड स्कॉट नव्या देशी हत्यारापेक्षा महाग जातं. त्यातला बराचसा पैसा नावाचा असतो, हे घेणाऱ्यानं मनात ठेवलेलं बरं.

ही पोकळी सरकारी आयुध निर्माणींनी १९९० च्या दशकात भरली. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर हे वेब्ली मार्क ४ चं देशी रूप: सहा गोळ्या, साधारण तीन इंची नळी, वजन ७०० ग्रॅमच्या घरात. काडतुसांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळची खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. पुंगळीच्या बुडावरचा 'केएफ' हा तिचाच ठसा. इछापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'अशनी' हे .३२ चं पिस्तूल काढलं. ते कमरेला चपटं बसतं, पण त्याचं काडतूस वेगळं: .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल). दोन्ही 'बत्तीस'च, म्हणून गल्लत होते. एसीपी काही रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकतंही. तरी ते त्यात झाडू नये. त्याचा दाब जास्त असतो. एसीपीची आणखी एक खोड आहे. त्याच्या बुडाला किंचित कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून काही होत नाही; मॅगझिन काढून हातानं सोडवावं लागतं. प्रत्येक काडतूस आधीच्यापेक्षा थोडं पुढे ठेवून भरलं तर हे टळतं.

२०१४ च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' आणलं. दिल्लीच्या २०१२ च्या अत्याचाराच्या पार्श्वभूमीवर, स्त्रियांसाठीचं हलकं रिव्हॉल्व्हर म्हणून त्याची जाहिरात झाली. टायटॅनियम मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६०. चर्चा झाली ती किमतीची. खरी चर्चा वजनाची व्हायला हवी होती. गोळी तीच आणि हत्यार हलकं, तर धक्का त्याच प्रमाणात वाढतो: ७०० ग्रॅमवरून ५०० वर आलं की हाताला बसणारी ऊर्जा १.४ पट. पॉइंट बत्तीसच्या बाबतीत हे खपून जातं, कारण मूळ धक्काच एवढासा. हीच कपात .३५७ मध्ये केली तर तळहात सोलवटतो.

हलकेपणाची खरी किंमत चापाशी मोजावी लागते. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा न चढवता नुसता चाप ओढून झाडायचं तर साडेचार ते सहा किलोचा जोर लागतो. पाचशे ग्रॅमची वस्तू हातात धरून तिच्यावर पाच किलोचा ओढा द्यायचा, तर नळीचं तोंड हलणारच. उजव्या हातानं झाडणाऱ्याची गोळी बहुधा डावीकडे खाली जाते ती यामुळे, आणि त्याचा दोष उगीच नेम धरायच्या माशीला दिला जातो. हलक्या हत्याराची भलामण करणारे हे क्वचितच सांगतात.

आपल्याकडे हे चाललं होतं तेव्हा अमेरिकेत बाळगायच्या हत्याराचं रूप पालटलं. १९८७ मध्ये फ्लोरिडानं अटी पुऱ्या करणाऱ्याला परवाना नाकारता येणार नाही असा कायदा केला आणि एकेक राज्य मागोमाग गेलं. १९९४ च्या संघीय कायद्यानं नव्या मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच गोळ्या असतील तर मोठं पिस्तूल कशाला, या हिशेबात १९९५ चं ग्लॉक २६ नेमकं बसलं. २०१८ च्या सिग पी-३६५ नं जवळपास ५०० ग्रॅममध्ये, इंचभर जाडीत ९ मिमीच्या दहा गोळ्या बसवल्या. आपण व्हिडिओत पाहतो ती सगळी चर्चा या परंपरेतली आहे: पट्ट्याच्या आत, पोटापुढे, झाकून बाळगायच्या ९ मिमी पिस्तुलाची. तिचे सल्ले जसेच्या तसे वेब्ली घडणीच्या रिव्हॉल्व्हरला लावले तर घोडा बेंबीत रुततो, एवढंच होतं.

आपल्याकडे शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली (परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली, तो दिलासा), आणि 'आधी एक घेऊन बघू, मग दुसरं' ही चैन संपली. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबळ' आणलं: बोअर .३२ च, वजन ६७५ ग्रॅम, नळी ७६ मिमी, पण सिलिंडर बाजूला उघडणारं. पन्नास मीटरच्या पल्ल्याचा गाजावाजा झाला. स्वसंरक्षणाचा प्रसंग पाच-सात मीटरवर घडतो, तेव्हा त्या पल्ल्याला फारसा अर्थ नाही. उघडण्याची पद्धत बदलली, हे महत्त्वाचं. बाजूला उघडणाऱ्या चौकटीला वरून पूल असतो, मोडणाऱ्या सांध्यावर ताण येत नाही, खिट्टी सैल होण्याचा प्रश्नच राहत नाही.

वरून मोडणाऱ्या जुन्या हत्याराचं सगळं आयुष्य त्या खिट्टीत असतं. घेताना आधी उघडून सहाही घरं रिकामी आहेत हे पाहावं. मग बंद करून एका हातानं मूठ, दुसऱ्यानं नळी धरून वरखाली हलवावं. टक असा आवाज आला किंवा सांधा जाणवला तर सोडून द्यावं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट उजेडासमोर धरून फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) मोजावी, ०.१ ते ०.२५ मिमी ठीक. जास्त असेल तर तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूनं उडतात, अगदीच कमी असेल तर काजळी धरून सिलिंडर फिरायचं थांबतं. दुकानदाराची परवानगी घेऊन घोडा हळूहळू चढवावा: घोडा अडकण्याआधी सिलिंडर जागेवर कुलूपबंद व्हायला हवं, आणि हे सहाही घरांना तपासायचं. उघडताना अर्धवट उघडलं तर एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली सरकते आणि मग हत्यार ना उघडतं ना मिटतं. झटक्यात, पूर्ण उघडायची सवय हवी.

हातात बसतं का, हे पाहायला चापावर तर्जनी ठेवावी. डबल ॲक्शनसाठी पहिल्या पेराची घडी चापावर पोचली पाहिजे आणि त्याच वेळी नळी कोपरापर्यंतच्या हाताच्या रेषेत राहिली पाहिजे. बोट पुरत नाही म्हणून मनगट वळवावं लागत असेल तर मूठ जाड आहे. बारीक मूठ बसवून घेता येते. करंगळी खाली लोंबत असेल तर मूठ आखूड आहे आणि धक्क्यासरशी हत्यार हातात फिरेल.

बाळगायला पट्टा हवा तो कडक, दुपदरी चामड्याचा, होल्स्टरच्या खाचेत घट्ट बसणारा. साध्या ऑफिसच्या पट्ट्यावर ७०० ग्रॅम संध्याकाळपर्यंत पुढे कलतात आणि माणूस दर पाच मिनिटांनी शर्ट सारखा करत राहतो. लपवण्याचा हेतू तिथेच फसतो. होल्स्टरनं चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलेलं असावं. पर्समध्ये ठेवायचं तर स्वतंत्र कप्पा, त्यात किल्ली नाही, पेन नाही, काही नाही.

जुन्या हत्यारात घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर असेलच असं नाही. स्मिथ अँड वेसननंही डिसेंबर १९४४ मध्ये पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून एक नौसैनिक गेल्यावर आपला अडसर नव्यानं घडवला. शंका असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भराव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हत्यार रात्री चामडी होल्स्टरमध्ये ठेवू नये; चामड्यातले क्षार आणि ओल मिळून पोलादाला आठवड्याभरात गंज धरवतात. पुसताना तेल बोटभर फडक्यावर घ्यावं, हत्यारावर ओतू नये. ते घरांमधून काडतुसाच्या टोपीत, म्हणजे घोडा पडल्यावर ठिणगी देणाऱ्या बुडाच्या भागात, झिरपतं, टोपी निकामी होते आणि चाप ओढल्यावर नुसताच टक आवाज येतो. बाळगायची काडतुसं वर्षाच्या कोट्यातून दरवर्षी बदलावीत, जुनी सरावाला वापरावीत आणि त्यांचा हिशेब परवान्याच्या पुस्तिकेशी जुळता ठेवावा. नूतनीकरणाच्या वेळी तो विचारला जातो.